जामच्या उन्हातली चारशे सीसी

स्टार्टरचं बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं, खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जाम गावच्या चौकाअलीकडे हायवेला लागून एक मोकळं मैदान आहे, तिथे मे महिन्याच्या भर दुपारी मी एका मेलेल्या गाडीवर बसून होतो.

बाजूला उभ्या कारची काच चार बोटं खाली आली. आत एसी, आणि एसीत केतकर साहेब, आमचे टेस्ट मॅनेजर.

"वानखेडे, परत?"

"परत."

"परवाही तुमच्याच हातात बंद पडली. त्याआधीही तुमच्याच. गजानन चालवतो तेव्हा काही होत नाही."

"तिला माझा चेहरा आवडत नसेल, सर."

काच वर गेली. केतकरांना विनोद आवडत नाहीत, आणि त्यासाठी गरम हवा आत घ्यायला तर अजिबातच नाही.

मी टेस्ट रायडर आहे. एका मोटरसायकल कंपनीत, पुण्याला. लोकांना वाटतं काय मजेची नोकरी, दिवसभर नव्या गाड्या उडवायच्या आणि वर पगार घ्यायचा. प्रत्यक्षात आमचं काम गाडी चालवण्याचं कमी आणि ती कुठे मान टाकते ते शोधण्याचं जास्त. थंडीत मरते का ते बघायला हिमालयात जायचं, पावसात मरते का ते बघायला कोकणात जायचं, आणि उन्हात मरते का ते बघायला आमच्या वर्धा जिल्ह्यात यायचं. मी मूळचा सावंगी मेघेचा. ज्या उन्हापासून पळून पुण्याला गेलो, त्याच उन्हात कंपनीने मला टीए-डीए देऊन परत आणलं. केतकर म्हणाले होते, "तुम्ही लोकल आहात. तुम्हाला ऊन लागत नाही." जसं काही सावंगीला माणसं पत्र्याची बनवतात.

या वेळी तीन गाड्या होत्या. एकशेसाठ सीसी, अडीचशे सीसी आणि चारशे सीसी. सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटात हवा-पेट्रोलाला किती जागा आहे त्याचं माप. पोट मोठं तर भूक मोठी, ताकद मोठी, आणि अंगातली उष्णताही मोठी. एकशेसाठ आवाज फार करते आणि पोहोचते निवांत. अडीचशे समजूतदार आहे, सांगितलेलं ऐकते. चारशेचं वेगळंच. मूठ पिळली की गाडी पुढे जाते आणि आपली अक्कल मागून धावत येते. तिन्ही स्पोर्ट बाइक, म्हणजे हँडल खाली, पाय मागे, छाती टाकीवर आणि बूड वर. पोटात कळ आलेला माणूस वाकतो तसं वाकायचं आणि चेहऱ्यावर मात्र शर्यत जिंकल्याचा भाव ठेवायचा.

गाड्या बाजारात आलेल्या नव्हत्या, म्हणून त्यांच्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे स्टिकर चिकटवले होते. आकार कोणाला कळू नये हा हेतू. त्यामुळे झालं असं की एरवी ज्यांनी ढुंकून पाहिलं नसतं तेही थांबून पाहायचे. पाहून झालं की एकच प्रश्न विचारायचे, "अ‍ॅव्हरेज कितीचा देते?" चारशे सीसीच्या स्पोर्ट बाइकचा अ‍ॅव्हरेज विचारणारा माणूस जगात फक्त आमच्याकडेच भेटतो, आणि उत्तर ऐकून तो गाडीकडे नाही, आपल्याकडे कीव करून पाहतो.

टेस्ट सोपी होती. हायवेवर जोरात पळवायची, मैदानात आणून बंद करायची, अर्धा तास उन्हात तशीच ठेवायची आणि मग स्टार्ट करायची. याला हॉट सोक म्हणतात. गाडी पळत असते तोवर तिला वारा लागतो. बंद केली की इंजिनाची सगळी उष्णता वर येते आणि आजूबाजूच्या अवयवांत मुरते. गाडीची खरी परीक्षा तेव्हा असते. दुपारी बाजारात गाडी लावून कोणी दुकानात शिरला, बाहेर आला, बटण दाबलं आणि ती चालूच झाली नाही, तर तो कंपनीच्या नावाने काय बोलेल ते लिहिण्यासारखं नसतं.

एकशेसाठ पास झाली. अडीचशे पास झाली. चारशे मात्र एक दिवस चालू व्हायची, एक दिवस नाही. एक दिवस गजू चालवायचा, एक दिवस मी. नाही व्हायची तो दिवस नेमका माझा असायचा.

गजू म्हणजे गजानन भोयर, पवनारचा. वर्ध्याच्या एका शोरूममध्ये गिऱ्हाइकांना टेस्ट राइड द्यायचा. गाडीवर हात उत्तम. आम्ही त्याला उन्हाळ्यापुरता कॉन्ट्रॅक्टवर घेतला होता, आणि काम चांगलं झालं तर कायम करू असं केतकरांनी त्याला सांगितलं होतं. बायको, दोन पोरी, म्हातारे आईवडील, सगळे त्या एका वाक्यावर नजर लावून बसले होते. मला तो भाऊ म्हणायचा, आणि मैदानाशेजारच्या ढाब्यावर मी बसल्याशिवाय खाटेवर बसायचा नाही.

पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनी चारशेचं सगळं बदलून पाहिलं. स्पार्क प्लग बदलला, बॅटरी बदलली, रिले बदलला. फरक शून्य. गजूकडे चालू, माझ्याकडे बंद. गाडीवर डेटा लॉगर असतो, म्हणजे वेग, अंतर, इंजिनाचं तापमान सगळं टिपणारी डबी. मला आधी वाटलं गजू हळू चालवत असेल. डबी म्हणाली, नाही, गजू तुझ्याइतकीच पिळतो. मला ते फार आवडलं नाही.

गाडीत दोष सापडला नाही की मॅनेजर लोक माणसात शोधतात. त्याला छान नावही आहे. रायडर इन्फ्लुअन्स. म्हणजे यंत्र निर्दोष आहे, वर बसलेला प्राणी बिघडलेला आहे. केतकरांनी त्या संध्याकाळी मला ढाब्यामागच्या गोडाऊनमध्ये बोलावलं. तेच आमचं ऑफिस होतं.

"वानखेडे, रागावू नका. पण वय होतं माणसाचं. तुम्ही बंद करताना थ्रॉटल जास्त देत असाल, क्लच अर्धवट सोडत असाल."

"बंद करताना मी फक्त बंद करतो, सर."

"तुमचा अनुभव आपण डॉक्युमेंटेशनला वापरू. पुण्याला मस्त केबिन आहे. एसी आहे."

"आणि गाडी?"

"गजाननच्या रनवर पास करू. उद्याचा दिवस शेवटचा. तुमच्या हातात परत बंद पडली तर मी पुण्याला तसं कळवतो."

मला सणकून राग आला. डॉक्युमेंटेशन म्हणजे खुर्ची. मला एवढंच एक काम येतं, आणि तेही काढून घेतलं तर उरलेली नोकरी मी दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्यांबद्दलची वाक्यं टाइप करण्यात घालवणार होतो. शिवाय मला पक्कं माहीत होतं की गाडीत खोट आहे. बायकापोरांना घेऊन निघालेला कोणी तरी याच हायवेवर, याच उन्हात अडकणार होता.

दुसरा दिवस शेवटचा म्हणून दोघांच्याही पाळ्या होत्या, सकाळची गजूची आणि दुपारची माझी. गजूने गाडी पळवून आणली, मैदानात लावली. नियमाप्रमाणे सगळे पांगले. सोक चालू असताना तिथे बघण्यासारखं काही नसतं आणि उभं राहण्यासारखं तर त्याहून नसतं. केतकर आणि इंजिनिअर ढाब्यात गेले. मी रुसलो होतो. केतकरांसमोर बसून ताक प्यायची इच्छा नव्हती, म्हणून एका पंक्चर ट्रकच्या सावलीत जाऊन बसलो.

थोड्या वेळाने गजू ढाब्याच्या मागून आला. हातात त्याचा डोक्याला बांधायचा सुती दुपट्टा, तिथल्या पाण्याच्या ड्रममध्ये बुचकळलेला, ठिबकणारा. त्याने दुपट्ट्याची चौघडी केली, चारशेच्या टाकीवर नीट पसरली, कडेचं टोक सीटवर ओढलं, बैलाच्या पाठीवर मारतात तशी एक थाप मारली आणि निघून गेला. अर्धा तास भरत आला तसा परत आला. दुपट्टा काढला, झटकला, डोक्याला गुंडाळला. लोक जमले. बटण दाबलं. गाडी एका दमात चालू.

केतकर माझ्याकडे पाहून खांदे उडवत होते. मी गजूची कॉलर धरून त्याला ट्रकमागे नेला.

"गजू, हे काय करून राह्यला तू?"

"काय केलं भाऊ?"

"दुपट्टा! टाकीवर!"

"हाव. उन्हात गाडी अशी उघडी ठेवाची का मंग? टाकी पोळते ना." तो माझ्याकडे असा पाहत होता की जणू जेवायच्या आधी हात कायले धुतो असं मी विचारलंय. "आपल्याकडं सारेच टाकते. तुमी नाई टाकत?"

खरं होतं. वर्ध्यात उन्हाळ्यात कुठल्याही बँकेसमोर जा, ओळीने गाड्या उभ्या असतात आणि सीटवर, टाकीवर ओलं गोणपाट, टॉवेल, काही ना काही असतं. माझा बापही टाकायचा. पुण्यात राहून माझी सवय गेली, आणि गजूची जाण्याचं काही कारण नव्हतं. टेस्ट करायची म्हणून कोणी आपली गाडी मुद्दाम उन्हात भाजत ठेवतं, हे त्याच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. त्याच्या लेखी आम्ही सगळे विसरत होतो आणि तो आमच्या वतीने लक्षात ठेवत होता.

"मंग माझ्या पाळीत काऊन नाई टाकला बे?"

गजू ओशाळला. "तुमी सिनियर हा ना भाऊ. तुमच्या गाडीले न इचारता हात कसा लावू? चांगलं दिसते का?"

आता दोष कुठे होता ते लख्ख दिसलं. या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीच्या आतच, तळाशी असतो. चारशेच्या इंजिनाची उष्णता नेमकी टाकीखाली साचत होती. वरून ऊन. पेट्रोल इतकं तापायचं की त्यात बुडबुडे व्हायचे. उसाचा रस संपत आला की स्ट्रॉमधून नुसता सूंसूं आवाज येतो ना, तसं पंपाचं व्हायचं. इंजिनाला पेट्रोल मिळायचंच नाही. ओल्या दुपट्ट्याने टाकी थंड राहायची आणि गाडी शहाण्यासारखी चालू व्हायची. टाकीवर सेन्सर लावला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण टाकीही तापते, हे पुण्यात एसीत बसून कोणाला सुचलं नव्हतं.

मी गजूला समजावून सांगितलं, की टेस्टमध्ये असं करणं म्हणजे परीक्षेत कॉपी. त्याच्या सगळ्या रन बाद होतील. त्याचा चेहरा उतरला.

"मंग मले काढतीन का भाऊ?"

"माहीत झालं तर काढतीन."

"मी तं गाडीचं भलंच करून राह्यलो होतो."

 सांगितलं तर गजू घरी जाणार. नाही सांगितलं तर मी केबिनमध्ये जाणार आणि ही गाडी लोकांच्या घरी. मी काही संत नाही. माझी गाडी मला हवी होती. पण पवनारच्या माणसाचा घास काढून मिळालेली नको होती. मग मी एक युक्ती केली, आणि तेव्हा मला ती फार हुशारीची वाटली.

दुपारी पुण्याच्या मॅडमचा व्हिडिओ कॉल होता. त्या आमच्या सगळ्यांच्या बॉस. केतकरांनी त्यांना रायडर इन्फ्लुअन्स समजावून सांगितला, माझ्याकडे न पाहता.

मी मध्येच म्हणालो, "मॅडम, दोन रायडरवरून कसं ठरणार? तिसऱ्या माणसाने चालवली पाहिजे. केतकर सर स्वतः चांगले रायडर आहेत."

केतकरांनी माझ्याकडे पाहिलं. ते चांगले रायडर असल्याचं ते दर ऑफिस पार्टीत सांगायचे.

"बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "केतकर, तुम्हीच करा. मी लाइनवर आहे. फोन चालू ठेवा."

बेत सरळ होता. केतकर चालवतील, सोक करतील, गाडी त्यांच्याही हातात मरेल. मग रायडर इन्फ्लुअन्सचं भूत उतरेल, इंजिनिअर टाकीपाशी पोहोचतील, आणि गजूचं नावही निघणार नाही. गजूला बजावलं, "साहेबाच्या गाडीले हात लावाचा नाई. खिशात ठेव हात."

"हाव भाऊ. नाई लावत."

केतकरांनी रायडिंग सूट घातला नाही. गरम होतं म्हणाले. जीन्सवरच बसले. चारशे हायवेवर गेली आणि बऱ्याच वेळाने परत आली. केतकर खाली उतरले ते खुशीतच. गाडी उन्हात लावली आणि कारमध्ये जाऊन बसले. गजू ढाब्याच्या खांबाला टेकून उभा होता, खिशात हात घालून, आणि उघड्या गाडीकडे असा पाहत होता की जणू कोणी लेकरू उन्हात सोडून गेलंय.

अर्धा तास झाला. इंजिनिअरने फोन धरला, स्क्रीनवर मॅडम. केतकर ऐटीत आले, पाय टाकला आणि गाडीवर बसले.

स्पोर्ट बाइकवर माणूस पुढे घसरतो आणि टाकीला येऊन भिडतो. कुठला भाग भिडतो ते सांगायला नको. केतकर जी किंकाळी फोडून उडाले, ती ऐकून ढाब्यातले ट्रकवालेसुद्धा बाहेर आले.

आणि गजू पळाला. मी ओरडलो, पण तो ऐकतोय कशाला. डोक्याचा दुपट्टा सोडला, ड्रममध्ये बुचकळला, धावत येऊन टाकीवर टाकला, वरून आणखी दोन मगे पाणी ओतलं आणि सीट पुसली.

"थांबा जी साहेब, दोन मिनिटं. थंडी होऊ द्या. मंग बसजा."

केतकर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. जरा वेळाने गजूनेच हात लावून टाकी पाहिली आणि बटण दाबलं. गाडी चालू झाली.

 फोनमधून मॅडमचा आवाज आला. "त्या कापडाने काय केलं?"

"टाकी थंडी केली जी," गजू म्हणाला. "मी रोजच करतो."

मी डोळे मिटून घेतले.

"रोज?" केतकर म्हणाले. "तुझ्या प्रत्येक रनला?"

"हाव जी. आपली पद्धतच आहे." मग त्याला आठवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचे हात आपोआप खिशात गेले.

केतकर लाल झाले. ते तोंड उघडणार, इतक्यात मॅडम हसायला लागल्या. "म्हणजे पंप तापतोय. दोन आठवडे आपण प्लग बदलत बसलो आणि उत्तर तुमच्या समोर उभं होतं. केतकर, हे तुम्ही मुद्दाम करून दाखवलंत का?"

केतकरांनी एक श्वास घेतला. त्या श्वासात माणूस मॅनेजर कसा होतो ते मला कळलं.

"हो मॅडम. आम्ही कूलिंगसह आणि कूलिंगशिवाय, अशी तुलनाच करत होतो."

संध्याकाळी गेलेल्या मेलमध्ये गजूच्या दुपट्ट्याला 'नियंत्रित बाष्पीभवन पद्धत' असं नाव होतं आणि गजू त्या पद्धतीचा ऑपरेटर होता. ऑपरेटरला काढता येत नाही, कारण पद्धत पुन्हा करून दाखवायची असते. गजू राहिला. पुढे पावसाळ्यात कायमही झाला. पुण्याहून पंपाखाली बसवायचं उष्णतारोधक कवच आलं आणि टाकीसाठी सेन्सर आले. माझ्याबद्दलचं वाक्य मेलमधून उडालं. केतकर मला सॉरी म्हणाले नाहीत, पण बसताना त्यांना अजून जपून बसावं लागत होतं, तेवढ्यावर मी समाधान मानलं.

खुर्ची टळली. चारशे माझी राहिली. मी खरंच इतका खूश होतो की त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी मॅडमचा नवा नियम आला. जुन्या सगळ्या रन बाद, कवच लावून पहिल्यापासून टेस्ट. आणि सोक चालू असताना गाडीला कोणीही हात लावू नये म्हणून दोन्ही रायडरनी पूर्ण अर्धा तास गाडीजवळ उभं राहून पहारा द्यायचा. गाडीवर सावली पडणार नाही अशा बेताने.

म्हणून मग आम्ही दोघं उभे राहिलो. मैदानात, भर उन्हात, हेल्मेट काखेत घेऊन, उरलेला पूर्ण महिना, रोज. चारशे प्रत्येक वेळी एका दमात चालू झाली. केतकर कारमधून बघत असायचे, काच बंद.

पहिल्या दिवशी बराच वेळ घाम पुसत राहून गजू म्हणाला, "भाऊ, एक इचारू?"

"इचार."

"साहेब तुमाले पुन्याच्या केबिनीत बसवत होते म्हनते. तिथी एसी होता?"

"होता."

"आन् तुमी नाई म्हनलं?"

"हाव."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्यापासून एक पाऊल लांब सरकून उभा राहिला.